पिकअपचं गिअर ऑइल आणि क्राउन ऑइल : पावसाळ्यानंतर घरी बदलायचं असेल तर



पाऊस उघडला. लाल कांद्याची काढणी तोंडावर आलीय, त्यामागे द्राक्ष. पुढचे चार-पाच महिने आपल्या पिकअप गाड्यांना सुट्टी नाही. म्हणून आजचा सल्ला पिकाचा नाही, गाडीचा आहे. मेसेज मोठा आहे. आत्ता वेळ नसेल तर स्टार करून ठेवा, पण गाडीखाली शिरण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

इंजिन ऑइलकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्याला डिपस्टिक आहे, डॅशबोर्डवर दिवा आहे. गिअरबॉक्सला आणि मागच्या क्राउनला बहुतेक गाड्यांत यातलं काहीच नाही. तिथलं तेल गळून निम्म्यावर आलं किंवा त्यात ओढ्याचं पाणी शिरलं तरी गाडी गप्प राहते. बोलते तेव्हा आवाजानेच बोलते. मागून 'हूंऽऽ' असा घरघराट सुरू झाला म्हणजे दाते खाल्ले जायला लागलेत, आता नवीन तेल टाकून ते परत यायचे नाहीत. क्राउन आणि पिनियन ही जोडीनेच बदलावी लागते. त्या खर्चापुढे दोन डबे तेल म्हणजे काहीच नाही. आणि हे काम भर हंगामात, गाडीत माल भरलेला असताना निघालं तर मालाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

'गॅरेजवाला बघतो की!' बघत असेल तर उत्तमच. पण मागच्या वर्षी एका ठिकाणाहून सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीचं बिल मी पाहिलं, त्यात क्राउन ऑइलचे पैसे लावलेले होते. खाली वाकून बघितलं तर भरायच्या प्लगवर पावसाळ्यातला चिखल वाळून तसाच घट्ट बसलेला. पान्हा लागल्याची एक ओरखडासुद्धा खूण नव्हती. तेव्हापासून मी प्लग आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. तुम्ही स्वतः तेल बदला किंवा बदलून घ्या, ही सवय मात्र लावून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी वॉरंटीत असेल किंवा सर्व्हिसचा करार असेल तर हे काम घरी करू नका. अधिकृत ठिकाणी करा आणि बिल जपून ठेवा.

*तेल दोन, काम वेगवेगळं*

इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते, तिथून लांब जॉइंट शाफ्टने मागे जाते आणि मागच्या हौजिंगमधल्या क्राउन-पिनियनवरून काटकोनात वळून दोन्ही चाकांना मिळते. क्राउनचे दाते नुसते एकमेकांवर फिरत नाहीत. पाट्यावर वरवंटा ओढावा तसे ते दाबाखाली घासत सरकतात. दीड टन माल घेऊन घाट चढताना या दाबाने साधं तेल दातांमधून पिळून बाहेर फेकलं जाईल. म्हणून क्राउनच्या तेलात गंधक-फॉस्फरसची खास द्रव्यं असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती दातांवर एक पातळ थर धरतात. झिजायचा तो थर झिजतो, दात वाचतो.

गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर बदलताना जी 'खट' न होता अलगद बसते ती यांच्यामुळे. क्राउनसाठीचं जहाल तेल या पितळेला मानवत नाही, शिवाय रिंगेला जी थोडी पकड लागते तीही कमी होते.

डब्यावर हे कसं ओळखायचं? 'जीएल-४' लिहिलेलं तेल साधारणपणे गिअरबॉक्सचं, 'जीएल-५' क्राउनचं. दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य : 'पाच नंबर घ्या, चारपेक्षा भारी आहे.' हा भारी-हलक्याचा नंबर नाही, कामाचा नंबर आहे. भुरीचं औषध डाउनीवर मारून जमत नाही, तसंच हे. त्याच्या शेजारी ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० असा आकडा असतो, तो तेलाच्या जाड-पातळपणाचा. काही नव्या गिअरबॉक्सना यापेक्षा बरंच पातळ तेल लागतं, काही गाड्यांत दोन्हीकडे एकच तेल चालतं. त्यामुळे शेवटचा शब्द गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेचा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलची आणि वर्षाची उतरवून घ्या. शेजाऱ्याची गाडीही त्याच नावाची आहे म्हणून त्याचंच तेल चालेल असं धरू नका. आणि आवाज दाबायला मुद्दाम जाड तेल टाकणं म्हणजे दुखण्यावर गोळी घेऊन पुन्हा खुरपायला बसणं.

*कधी बदलायचं?*

किलोमीटरचा आकडा पुस्तिकेत आहे. त्यातही बऱ्याच पुस्तिकांत जास्त भार, धूळ, कच्चा रस्ता यांसाठी वेगळा, कमी आकडा दिलेला असतो. आपण सगळे त्या दुसऱ्या रकान्यातले. पहिल्या रकान्याकडे बघून खूश होऊ नका.

पण यंदा ज्यांची गाडी ओढ्यातून किंवा पाण्याखाली गेलेल्या फरशीवरून गेली, मागच्या चाकाचा मधला भाग पाण्यात बुडाला, त्यांनी किलोमीटर बघूच नयेत. चालून आलेलं हौजिंग तापलेलं असतं. ते अचानक गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि वरच्या ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी दोन महिने उभी राहिली तर आत बेअरिंगला गंज धरतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. रात्रभर सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीचा भरायचा प्लग सकाळी गार असताना काढा आणि बोट आत वाकवून बुडवा. तेल काळसर-तपकिरी आणि तेलकट असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं गढूळ दिसलं तर पाणी मिसळलंय. तेल ताबडतोब बदला. बोटाला तेल लागलंच नाही तर पातळी खाली गेलीय, मग आधी गळती शोधा.

गंधकासारखा उग्र वास आला म्हणून घाबरू नका. क्राउनच्या नव्या तेलालाही तोच वास असतो, द्राक्षवाल्यांना ओळखीचा वाटेल. जळका, करपट वास मात्र वेगळा. तो आला तर तेल उष्णतेने संपलंय.

*गाडीखाली जाण्याआधी*

हा भाग कृपया कोणी गाळू नका.

पिकअप मुळातच उंच असते. अंगाखाली गोणपाट टाकून बहुतेकांना जॅक न लावता खाली शिरता येतं. जमत असेल तर जॅक लावूच नका. त्यात दुहेरी फायदा आहे : गाडी अंगावर येत नाही आणि तेलाची पातळीही बरोबर मिळते.

जॅक लावावाच लागला तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. जॅक हा चाक बदलायला आहे. लोखंडी स्टँड लावा. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगडांची चवड हे स्टँड नव्हेत. ब्लॉक सूचना न देता एकदम फुटतो. नांगरलेल्या किंवा ओल्या जमिनीवर हे काम नाही, खळ्यावर किंवा कोब्यावर करा. आणि हेही लक्षात ठेवा, हँडब्रेक बहुतेक पिकअपमध्ये मागच्या चाकांना असतो. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेक ओढलेला असून नसल्यासारखा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट लावा. गाडी रिकामी पाहिजे, किल्ली तुमच्या खिशात पाहिजे. पोरं केबिनमध्ये खेळत नाहीत ना, ते बघा. घरात एकाला सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे.

एक बाजू बांधावर चढवून खाली जागा करायची युक्ती बरेच जण करतात. तेल काढायला ती कशीबशी चालेल, भरायला नाही. तिरक्या गाडीत पातळी चुकते.

*आधी वरचा प्लग*

दोन्हीकडे दोन-दोन प्लग असतात. तळाला असतो तो तेल काढायचा. त्याच्या वर, बाजूला असतो तो भरायचा, पातळी बघायचाही तोच. जॉइंटच्या पुढचा डबा गिअरबॉक्स, मागच्या दोन चाकांमधला गोल फुगवटा म्हणजे क्राउनचं हौजिंग. फोर बाय फोर गाडी असेल तर गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस आणि पुढे आणखी एक क्राउन असतो, त्यांचं तेल वेगळं बघावं लागतं.

आता नियम : *भरायचा प्लग आधी सैल करायचा, मगच खालच्याला हात लावायचा.* कारण साधं आहे. खालचा उघडला, तेल सगळं घमेल्यात आलं आणि मग लक्षात आलं की वरचा गंजून बसलाय, निघत नाही, तर गाडी तिथेच अडकली. मिस्त्रीपर्यंत चालवत नेता येत नाही, टो करावी लागते. वरचा निघत नसेल तर खालचा उघडूच नका, गाडी तशीच मिस्त्रीकडे न्या.

प्लगभोवतीचा चिखल आधी तारेच्या ब्रशने आणि फडक्याने साफ करा, नाहीतर तोच आत पडतो. पान्हा बरोबर मापाचा रिंग किंवा सॉकेट घ्या. काही प्लगना बाहेर डोकं नसतं, आत चौकोनी किंवा षटकोनी खाच असते. त्यासाठी योग्य मापाची की लागते. स्क्रू पान्ह्याने डोकं गोल केलंत की पुढचं काम वेल्डिंगवाल्याचं.

दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा. कोमट तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. फार तापली असेल तर थोडं थांबा, शेजारचा सायलेन्सर हाताला चटका देतो. मोठं घमेलं खाली ठेवा. खालचा प्लग शेवटचे आटे फिरवताना आत दाबून धरा आणि झटकन बाजूला काढा. पहिली धार वाटते त्यापेक्षा लांब पडते. हातमोजे घाला. मग चहा प्यायला जा. जाड तेल आहे, निथळायला वेळ द्या.

*प्लगवर काय चिकटलंय?*

बऱ्याच गाड्यांत खालच्या प्लगला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा, मेणासारखा मऊ गाळ असेल तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. बोटांत टोचणारे चकचकीत कपचे, दाताचा तुकडा, बेअरिंगची पत्री निघाली तर काम तिथेच थांबवा. नवं तेल वाया घालवू नका, मिस्त्रीला दाखवा. गिअरबॉक्सच्या तेलात पिवळी चमक खूप दिसली तर ती पितळी सिंक्रोची झीज. चुंबकाला पितळ चिकटत नाही, म्हणून थोडं तेल उन्हात पांढऱ्या ताटलीत ओतून बघा. ताटली पुन्हा घरात नेऊ नका.

तेल दुधाळ निघालं असेल तर एकदा बदलून भागत नाही, कोपऱ्यांत पाणी राहतं. योग्य ग्रेडचं तेल भरा, दहा-वीस किलोमीटर रिकामी चालवा, ते काढा आणि पुन्हा नवं भरा. डिझेल किंवा रॉकेल टाकून गाडी फिरवून 'धुवून' काढायची पद्धत चालते, ती टाळा. आत उरलेलं डिझेल नवं तेल पातळ करतं आणि त्या फिरवण्यातच दाते कोरडे घासतात.

*भरताना*

खालच्या प्लगला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असेल तर नवा घाला. पहिले तीन-चार आटे पान्ह्याने नाही, बोटांनीच. सरळ बसला तरच पान्हा लावा. गिअरबॉक्सची बॉडी बहुधा ॲल्युमिनियमची असते, दीड हात पाइप लावून आवळला की आटे उपटून येतात. पुस्तिकेत आवळायचं माप दिलेलं असतं. टॉर्क पान्हा नसेल तर मिस्त्रीकडून दोन तास मागून आणा.

भरायचं भोक बाजूला, वर गाडीची बॉडी, तिथे नरसाळं मावत नाही. गिअर ऑइलचा हातपंप असेल तर सोपं. नसेल तर गवंड्याच्या लेव्हल पाइपसारखी पारदर्शक नळी घ्या, एक टोक भोकात, दुसऱ्याला नरसाळं बांधून वर हौद्यात एकाला बसवा. तेलाचा डबा आधी तासभर उन्हात ठेवला की धार बरी चालते. फवारणीच्या पंपाने तेल भरायची आयडिया कोणाच्या डोक्यात असेल तर ती सोडा. तो पंप परत बागेत जाणार आहे.

किती तेल लागणार? पुस्तिकेतला आकडा बघून विकत घ्या, पण भरताना भोकावर विश्वास ठेवा. सपाट उभ्या गाडीत तेल भोकाच्या खालच्या कडेला येऊन बारीक धार बाहेर यायला लागली की भरलं. धार थांबू द्या, प्लग लावा. जेवढं निघालं तेवढंच भरायचं, हे गणित चुकीचं. आधीच गळून कमी झालेलं असेल तर? गाडी तिरकी करून जास्तही कोंबू नका. जादा तेल फेसाळतं, तापतं आणि सील फोडून बाहेर येतं.

*ब्रीदर आणि सील*

मागच्या हौजिंगच्या वरच्या बाजूला बोटाएवढी टोपी किंवा बारीक नळी असते, तो ब्रीदर. आतली हवा तापून फुगली की इथून बाहेर पडते. चिखलाने तो बंद झाला की दाब सीलवर येतो. सील बदलला तरी महिन्याभरात परत गळतो, आणि आपण सीलच्या कंपनीला शिव्या देतो. ब्रीदर साफ करा, टोपी बोटाने हलते का बघा. फुकटचं काम आहे, आणि माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त विसरलं जाणारं.

टोकाच्या सीलमधून गळलेलं तेल जमिनीवर पडतंच असं नाही. ते मागच्या ब्रेक ड्रममध्ये जातं. ब्रेकचे लायनर तेलाने भिजले की रिकामी गाडी गावात थांबते, पण माल भरून कसारा घाट उतरताना थांबेल याची खात्री नाही. म्हणून खाली गेलाच आहात तर दोन्ही मागच्या चाकांची आतली बाजू टॉर्चने बघा. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर ओले ओघळ दिसले, तेल जाड आणि उग्र वासाचं असलं, तर ते क्राउनचं. पातळ असलं तर ब्रेक ऑइलचं, तेही तितकंच वाईट. दोन्हीपैकी काहीही दिसलं तरी त्या दिवशी भाडं घेऊ नका, मालही भरू नका. चालवून न्यायची जोखीम घेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, नवेच घाला, आणि दोन्ही बाजूंचे घाला.

जॉइंटच्या क्रॉसला ग्रीस निपल असतील तर त्याच वेळी ग्रीस गन लावा.

सगळं झाल्यावर पाच-दहा किलोमीटर रिकामी फिरवून आणा, रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग नसेल तर काम नीट झालं. तारीख, किलोमीटर आणि तेलाचं नाव डब्याच्या फोटोसह मोबाइलमध्ये ठेवा.

*निघालेलं तेल*

हे घातक कचऱ्यात मोडतं. ओढ्यात, चारीत, विहिरीजवळ ओतायचं नाही. गुऱ्हाळाच्या किंवा भट्टीच्या आगीत टाकायचं नाही. जनावराच्या जखमेला, गोचिडांना लावायची जुनी सवय असेल तर ती आता बंद, त्यातली द्रव्यं कातडीतून आणि चाटण्यातून जनावराच्या पोटात जातात. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, लहान पोर तहानेनं उचलतं. औषधाच्या रिकाम्या डब्यातही नको. तेलाच्याच रिकाम्या डब्यात, झाकण लावून, वर 'जुनं गिअर ऑइल' लिहून संकलन केंद्रावर आणा. तिथे मागच्या शेडमध्ये वेगळा ड्रम ठेवला आहे, तो भरला की नोंदणीकृत तेल उचलणाऱ्याकडे जातो. इंजिन ऑइल आणलं तरी चालेल, पण त्यात पाणी, कूलंट किंवा फवारणीचं औषध मिसळलेलं नको.

चुंबकावर निघालेल्या गाळाबद्दल शंका असेल तर प्लगचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून याच नंबरवर पाठवा. तेलाचा रंग दाखवायचा असेल तर पांढऱ्या कागदावर थेंब टाकून फोटो काढा. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर सोबत लिहा. आवाजाचा त्रास असेल तर चालत्या गाडीत शेजारी बसलेल्याला रेकॉर्ड करायला सांगा, चालवणाऱ्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही.